आजार आणि आत्महत्या यांचा ऋतुक्रम कसा तपासावा

पावसाळा लागला की गॅस्ट्रो, पूर ओसरला की लेप्टो (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि गणपतीच्या सुमारास डेंग्यू, हा क्रम कोल्हापुरातील अनुभवी आशा सेविकेला तोंडपाठ असतो. हा अनुभव मोलाचा आहे. मात्र औषधसाठा आणि मनुष्यबळ कोणत्या आठवड्यात कोठे लागेल हे ठरवायचे, तर तो आकड्यांवर घासून पाहावा लागतो. त्यासाठी महागडी प्रणाली नको, नोंदवही आणि साधी गणकपत्रिका पुरते.

सर्वांत आधी तारीख निश्चित करावी. रुग्ण दवाखान्यात आला तो दिवस, अहवाल मिळाला तो दिवस आणि ताप सुरू झाला तो दिवस हे तीन वेगळे असतात, आणि ऋतुक्रमासाठी तिसराच खरा. आठवडी बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात रांग लागते ती बाजारामुळे, साथीमुळे नव्हे. आल्याची तारीख धरली तर हा फरक पुसला जातो. आजारांची मोजणी आठवड्याने करावी आणि शेजारच्या स्तंभात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी लिहावी. तेथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. पुराच्या पाण्याशी संपर्क आल्यावर लेप्टोची लक्षणे साधारणतः ५ ते १४ दिवसांत दिसतात, तर दूषित पाण्यातून होणाऱ्या ‘ई’ प्रकारच्या काविळीला १५ ते ६० दिवस लागू शकतात. म्हणून एकाच पुरानंतर दोन उंचवटे निरनिराळ्या वेळी येतात आणि कावीळ वाढेपर्यंत लोक पूर विसरलेले असतात.

महिन्यांची तुलना करताना दिवस मोजावेत. फेब्रुवारीत ५६ आणि जुलैत ६२ रुग्ण आढळले, तर जुलैत वाढ झाली असे वाटते. प्रत्यक्षात २८ आणि ३१ दिवसांनी भागल्यावर दोन्हीकडे रोजचे २ रुग्णच येतात. किमान ५ वर्षांचे आकडे घेऊन प्रत्येक महिन्याची रोजची सरासरी काढावी, ती वर्षाच्या रोजच्या सरासरीने भागून १०० ने गुणावी. हा त्या महिन्याचा निर्देशांक. १०० च्या वर गेलेला महिना चढता, खालचा उतरता. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर सरासरी फुगवतो, म्हणून सरासरीच्या जोडीने मध्यकही, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडाही, पाहावा. टाळेबंदीत दवाखान्यात येणारेच घटले होते, तेव्हा तो काळ वेगळा ठेवावा.

सणांशी संबंध तपासायचा असेल तर इंग्रजी महिना फसवतो. गणेशचतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आली. याउलट मृग नक्षत्र सूर्यावर बेतलेले असल्याने दरवर्षी ७-८ जूनच्या आसपासच लागते. पावसाशी निगडित आजारांना इंग्रजी दिनदर्शिका चालते. गर्दीशी निगडित आजारांना सणापासूनचे दिवस मोजावेत.

रुग्ण राहतो कोठे, हेही पाहावे. कोल्हापूर शहरातील सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात शेजारच्या जिल्ह्यांतून आणि सीमाभागातूनही लोक येतात, त्यामुळे तेथील नोंदी म्हणजे कोल्हापूर जिल्हा नव्हे. गगनबावडा आणि शिरोळ या तालुक्यांच्या पावसात जमीन-अस्मानाचे अंतर असताना दोहोंची एकच सरासरी काढण्यात अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. पण गळीत हंगामात बाहेरून येणारे ऊसतोड मजूर तीत पुरते मोजलेले असतीलच असे नाही आणि त्यांचे आजार मात्र नोंदवहीत उतरतात.

आत्महत्यांबाबत अधिक सावधगिरी हवी, कारण येथे प्रत्येक आकड्यामागे एक घर उभे आहे. काळोख्या, उदास महिन्यांत आत्महत्या वाढत असतील असा सर्वसाधारण समज आहे. डर्कहाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच दाखवले की युरोपात त्या हिवाळ्यात नव्हे, वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या आरंभी वाढतात. तो निष्कर्षही कोल्हापूरवर जसाच्या तसा लादू नये. येथील ऋतू आणि शेतीचे वेळापत्रक वेगळे आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली आणि ती राज्यांमध्ये सर्वाधिक होती, परंतु या वार्षिक आकड्यातून आपल्या तालुक्याचा महिना कळत नाही. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, कारण नंतर निश्चित होते. म्हणून ताज्या काही महिन्यांचे आकडे अपुरे समजावेत. मृत्यूची नव्हे, घटनेची तारीख घ्यावी.

लहान संख्या सहज डळमळते. महिन्याची सरासरी १६ असेल तर तिचे वर्गमूळ ४. त्याच्या दुपटीइतकी, म्हणजे ८ ते २४ पर्यंतची चढउतार केवळ योगायोगानेही होऊ शकते. एखाद्या महिन्यात २१ नोंदी दिसल्या म्हणून परीक्षेचे निकाल, कर्ज किंवा पाऊस यांवर बोट ठेवू नये. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून वय आणि लिंग यांनुसार वेगळ्या कराव्यात, आणि तरीही तोच महिना चढता राहिला तरच कारणाचा शोध सुरू करावा. गावनिहाय तक्ता प्रसिद्ध करू नये, कारण लहान गावात एक आकडा म्हणजे थेट ओळख असते. तक्त्याखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठळक छापावा.

नवा तक्ता मेच्या मध्यापर्यंत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती पडावा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्याइतका मोठा व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो. सप्टेंबरचा निर्देशांक चढता असेल, तर बॅरल आणि टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करण्याचे काम जुलैतच घरोघरी सुरू झालेले असले पाहिजे.