समारंभाचे बूट: तारखेच्या महिनाभर आधीपासून

सूट शिवायला टाकला, शर्ट आला, टाय ठरला, आणि मग दोन दिवस उरले असताना बूट, असा बहुतेकांचा क्रम असतो. तो बरोबर उलटा हवा. पँटची उंची बुटावर ठरते. जाड तळाचे स्पोर्ट्स शूज घालून माप दिलं तर पँट नंतर जमिनीवर लोळते, सपाट चपलेवर दिलं तर बूट घातल्यावर आखूड वाटते. म्हणून शिंप्याकडे शेवटच्या मापाला जाताना पायात समारंभाचेच बूट हवेत. शिवाय नवा जोड पायाला रुळायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

खरेदीला निघण्याआधी कपाटातला जुना जोड काढा. वर्षानुवर्षं डब्यात नीट ठेवलेला, वरून चकचकीत बूट सर्वांत जास्त दगा देतो. त्याचा तळ पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही आतून विरत जातो. तळाची कड अंगठ्याने दाबून बघा, बूट चवड्यापाशी वाकवून बघा. चीर पडली किंवा भुगा सुटला तर त्याच्या भरवशावर राहू नका. नवा तळ बसेल का, हे मोच्याला आत्ताच विचारा. ऐन कार्यक्रमात एका पायाचा तळ मागे ठेवून पुढे गेलेला पाहुणा तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

आता पाय मोजा, आणि हे काम घाईत उरकू नका. वेळ संध्याकाळची, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. जे मोजे घालणार तेच घाला आणि कागदावर उभे राहा. बसून घेतलेलं माप फसवं असतं, कारण अंगाचा भार आला की पाय लांबीला आणि रुंदीला पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांची बाह्यरेषा दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा निघणं अगदी सामान्य आहे. खरेदी मोठ्या पायाला धरून करायची. लांबी आणि चवड्याची रुंदी तर घ्याच, पण टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंतचं अंतरही लिहून ठेवा. दोन माणसांच्या पायांची लांबी सारखी असूनही हे अंतर वेगळं असू शकतं, आणि बूट वाकतो तो नेमका तिथेच. चार्ल्स ब्रॅनॉक या अमेरिकन माणसाने १९२०च्या दशकात पाय मोजायचं जे धातूचं उपकरण काढलं, त्यात ही तिन्ही मापं घेता येतात. दुकानात ते असेल तर मोजून द्यायला जरूर सांगा.

नंबरावर मात्र फार विसंबू नका. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत सेंटीमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे पावणेसात. पुरुषांच्या बुटात अमेरिकन नंबर ब्रिटिशपेक्षा साधारण एकाने जास्त असतो. त्यात प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. एका ठिकाणी आठ नंबर बसला म्हणून दुसऱ्या ठिकाणी आठच बसेल असं नाही.

दुकानात दोन्ही पायांत बूट घालून, लेस पूर्ण बांधून, कडक फरशीवर चाला. गालिच्यावर सगळेच बूट मऊ वाटतात. अंगठ्यापुढे सुमारे एक-सव्वा सेंटीमीटर जागा मोकळी राहावी. टोक निमुळतं असेल तर पुढे आणखी पोकळी दिसेल, ती मोजू नका. करंगळी बाजूला दाबली जात असेल तर तो जोड खाली ठेवा. टाच चालताना केसभर उचलली तर चालेल, चामडं वाकायला लागलं की ते थांबतं. पण लपलप नको. मग लेसकडे वरून बघा. लेसच्या दोन्ही पट्ट्यांमध्ये थोडी फट असावी. पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकल्या तर पायाची वरची बाजू त्या बुटाला जास्त उंच आहे. आणि त्या एकमेकींना टेकूनही पाय आत हलत असेल तर बूट ढगळ आहे. ‘घालून घालून सैल होतील’ हे विक्रेत्याचं वाक्य रुंदीपुरतं थोडंफार खरं, लांबीच्या बाबतीत साफ खोटं.

प्रकार निवडणं त्यामानाने सोपं. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात, त्यामुळे बूट बंदिस्त आणि जास्त औपचारिक दिसतो. डर्बीत त्या वर शिवलेल्या असतात, बूट जास्त उघडतो आणि उंच किंवा रुंद पायाला सोसतो. आयुष्यात एकच जोड घ्यायचा असेल तर काळा, साधा, टोकावर एक आडवी शिवण असलेला ऑक्सफर्ड घ्या. मुलाखत, लग्न, अंत्यविधी, कुठेही तो खटकत नाही. ऑक्सफर्ड पाय दाबत असेल तर हट्ट न करता डर्बी घ्यावा. लंगडणाऱ्या माणसाच्या पायात कुठला बूट आहे, हे कुणी कौतुकाने बघत नाही. भोकाभोकांची नक्षी असलेले ब्रोग, बक्कलचे मंक आणि बिनलेसचे लोफर या उतरत्या क्रमाने औपचारिकता कमी होत जाते. निमंत्रणावर ‘ब्लॅक टाय’ (संध्याकाळचा खास औपचारिक पोशाख) लिहिलं असेल तर काळा पेटंट लेदरचा, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर दिलेल्या चामड्याचा, किंवा आरशासारखा घासलेला साधा काळा ऑक्सफर्डच. निळ्या किंवा करड्या सुटावर दिवसा गडद तपकिरी छान दिसतो, काळ्या सुटावर मात्र काळाच. कमरेचा पट्टा बुटाच्या रंगाचा. चौकोनी टोकाचे बूट कुणीही घेऊ नयेत, हे माझं ठाम मत.

चामडं पारखताना ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्याने भुलू नका. ते चामडं आहे एवढंच तो सांगतो, कोणत्या प्रतीचं ते नाही. बूट चवड्यापाशी हलकेच वाकवा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडलं की बऱ्याच अंशी विरतात. वरून प्लॅस्टिकचा थर चढवलेल्यावर जाड, ताठ घडी पडते. तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, तेही विचारा. गुडइयर वेल्ट पद्धतीत वरचा भाग आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवतात, म्हणून झिजलेला तळ पुन्हा बदलता येतो. ब्लेक पद्धतीत टाका बुटाच्या आतल्या तळाला दिसतो. असा बूट हलका आणि सडपातळ, पण पाण्याला कच्चा. कडेला दिसणारी शिवण कधी कधी निव्वळ शोभेचीही असते. कार्यक्रम पावसाळी असेल तर पातळ रबरी तळ घ्या. कातडी तळ नवा असताना गुळगुळीत फरशीवर घसरतो, तेव्हा तो आधी सँडपेपरने हलका खरवडावा.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस रोज अर्धा तास, तेच मोजे घालून, घरातच वापरा. मागची कड टाचेला चावायला लागली तर फोड येण्याआधी थांबा, दुसऱ्या दिवशी तिथे पट्टी लावून पुन्हा घाला. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरी झाकणारे हवेत, म्हणजे बसल्यावर उघडा पाय दिसत नाही.

पॉलिश आदल्या रात्री. आधी लेस काढा, ब्रशने धूळ झाडा, क्रीम कापडाने पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटांनी ब्रश मारा. वॅक्स फक्त टोकाला आणि टाचेला. पाण्याचा एखादा थेंब घेऊन गोल गोल घासलं की चकाकी चढते. जिथे बूट वाकतो तिथे वॅक्सचा जाड थर दिला की तो तडकतो. तळाची कड आणि टाचेची बाजू हमखास विसरली जाते, आणि जिना चढताना मागच्याला तीच दिसते. सुएड म्हणजे मखमली पृष्ठभागाच्या चामड्याला पॉलिश लावायचंच नाही, त्याचा ब्रश वेगळा. लेस नवी, बारीक आणि गोल घाला; भोकांच्या पाच जोड्यांना साधारण ७५ सेंटीमीटरची पुरते.

पिशवीत शूहॉर्न (टाच बुटात सरकवायची पट्टी), जादा लेस, फोडावरची पट्टी आणि सुती कापडाचा तुकडा टाका. परतल्यावर बूट भिजलेले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, हीटर किंवा उन्हापासून लांब ठेवा. कोरडे असतील तर लाकडी साचे घाला आणि किमान एक दिवस तो जोड पुन्हा वापरू नका, आतला घाम सुकायला तेवढा वेळ लागतोच.