जर्मनीत नव्याने आलेल्यांनो, हातांकडे लक्ष द्या

आन्मेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, भाड्याचं घर, तूरडाळ कुठे मिळते हे तुम्हाला ग्रुपवर कुणीही सांगेल. हातवाऱ्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि भाषा येत नसते तेव्हा माणूस हातांनीच बोलतो. म्हणून हे लिहितो आहे.

इथे मोजणी अंगठ्यापासून सुरू होते. एक म्हणजे अंगठा, दोन म्हणजे अंगठा आणि तर्जनी. बेकरीत आपल्या सवयीने तर्जनी उभी केली आणि अंगठा जरा सैल राहिला, तर पिशवीत दोन पाव पडतात. हात मिळवताना पकड घट्ट ठेवा आणि डोळ्यांत बघा. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवायची आपली रीत इथे टाळाटाळ वाटते. विद्यापीठात व्याख्यान संपलं की विद्यार्थी बाकावर बोटांनी ठकठक करतात, ती टाळी समजा. मुलाखतीला निघताना सहकाऱ्याने अंगठा आत दाबून मूठ दाखवली तर तो शुभेच्छा देतोय. इथली माणसं तुसडी आहेत असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. ती स्पष्ट आहेत, एवढंच.

गाडी चालवताना मात्र दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. कपाळावर बोट ठोकून ‘डोकं आहे का?’ असं विचारणं किंवा मधलं बोट दाखवणं हा इथे जर्मन दंडसंहितेच्या कलम १८५ खाली अपमानाचा गुन्हा ठरू शकतो. दंड तुमच्या रोजच्या कमाईच्या हिशेबाने लावतात, त्यामुळे पगार चांगला असेल तर फटकाही मोठा. पुण्याहून आलेल्या एका मुलाने सिग्नलला चिडून कपाळावर बोट ठोकलं. समोरच्याने शांतपणे गाडीचा नंबर टिपून घेतला. पुढे पोलिसांचं पत्र, वकील, दंड. पहिल्या वर्षाची बचत त्यात गेली. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या श्टेफान एफेनबर्गने प्रेक्षकांना मधलं बोट दाखवलं, तर प्रशिक्षकाने त्याला स्पर्धेतूनच घरी पाठवलं. इतक्या मोठ्या खेळाडूची गय झाली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी दर जानेवारीत भेटेल त्याला सांगतो. आपली मुलं शाळेत ‘भारत माझा देश आहे’ म्हणताना उजवा हात समोर ताठ धरतात, तळवा खाली. आपल्यासाठी ती प्रतिज्ञा आहे. इथल्या माणसाला त्यात नाझी सलामच दिसतो. तो सलाम करणं कलम ८६अ खाली गुन्हा आहे, शिक्षा दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. ऑगस्ट २०१७ मध्ये बर्लिनला राइशटाग या संसद भवनासमोर दोन चिनी पर्यटकांनी असा हात करून एकमेकांचे फोटो काढले. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं आणि प्रत्येकी ५०० युरोंच्या जामिनावर सोडलं. तुमचा हेतू शुद्ध आहे हे पोलिसांना पटेलही, पण शेजाऱ्याच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत हेतू दिसत नाही.

आणि तारीख बघा. आपला प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीला. २७ जानेवारीला आउशवित्सची छळछावणी मुक्त झाली, आणि १९९६ पासून जर्मनी त्या दिवशी नाझींच्या बळींचं स्मरण करतो. अशा दिवसांत मैदानावर रांगेत उभी राहिलेली, हात ताठ केलेली मुलं बघून एखाद्या आजीच्या पोटात काय होईल, याचा विचार करा. ‘आपली संस्कृती आहे, घाबरायचं कशाला?’ असं म्हणणारे आपल्यातच भेटतात. त्यांचं ऐकू नका. इथे प्रश्न घाबरण्याचा नाहीच, ज्यांच्या घरातली माणसं मारली गेली त्यांचा आहे.

प्रतिज्ञा जरूर म्हणा, हात छातीवर ठेवून. मुलांना हेही शिकवा की इथल्या वर्गात उत्तर द्यायला तर्जनी वर करतात, अख्खा हात ताठ करत नाहीत. प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी आमंत्रणातच ही सूचना लिहावी, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीआजोबांना दाराशीच सांगावी. नातवंडांसोबत सगळ्यात आधी हात उचलतात ते तेच.