टर्म-टाइम ओन्ली नोकरीचा पगार खरंच किती मिळणार, हे स्वतः कसं काढायचं

यूकेत आल्यावर आपल्यातल्या खूप जणी मुलांच्या शाळेच्या वेळेत बसणारी टर्म-टाइम ओन्ली (म्हणजे फक्त शाळा चालू असते त्या आठवड्यांत कामाची) नोकरी म्हणून टीचिंग असिस्टंट, लंचटाइम सुपरवायझर, शाळेच्या ऑफिसमधलं काम असं काहीतरी शोधतात, आणि जाहिरातीत "पगार २५,००० पौंड, प्रो-राटा" (म्हणजे कामाच्या प्रमाणात) असं दिसलं की लगेच २५,००० भागिले १२ करून घरभाड्याचा हिशोब मांडतात. मीही हेच केलं होतं. पहिली पेस्लिप आली तेव्हा माझा हिशोब महिन्याला सहाशे पौंडांहून जास्त चुकला होता आणि तोवर मुलीच्या आफ्टरस्कूल क्लबला होकार देऊन बसले होते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तो २५,००० चा आकडा म्हणजे एफटीई (फुल-टाइम इक्विव्हॅलंट), वर्षभर आणि पूर्ण आठवडा काम करणाऱ्या माणसाचा पगार. तुमचा पगार त्यातून दोनदा कमी होतो, एकदा तासांमुळे आणि एकदा आठवड्यांमुळे. आपल्याकडे अनुदानित शाळेत कायम शिक्षकाला मे महिन्याच्या सुट्टीतही पूर्ण पगार मिळतो, ते डोक्यात असतं म्हणून इथे सगळे फसतात. इथे सपोर्ट स्टाफला उन्हाळ्याच्या सुट्टीचा वेगळा पगार नसतो. ऑगस्टमध्ये जे पैसे येतात ते तुम्ही टर्ममध्ये कमावलेलेच असतात, फक्त १२ सारखे हप्ते पाडलेले.

आधी तास काढा. समजा वेळ ८:३० ते ३:०० आहे आणि अर्ध्या तासाचं लंच अनपेड आहे, तर दिवसाचे ६ तास आणि आठवड्याचे ३०. लंच पेड आहे की अनपेड हे इंटरव्ह्यूतच विचारा, लाजू नका. मग पूर्ण आठवडा किती तासांचा ते बघा, कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) शाळांत बहुतेक ३७, लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी ३६. आपण ३७ धरू. २५,००० गुणिले ३० भागिले ३७, म्हणजे २०,२७० पौंड.

आता आठवडे, आणि खरा घोळ इथेच आहे. मुलांची शाळा ३८ आठवडे म्हणजे १९० दिवस असते, त्यावर ५ इनसेट डे, त्या दिवशी मुलं नसतात पण स्टाफचं ट्रेनिंग असतं. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये इनसेट धरले असतील तर ३९ आठवडे. नसतील तर ३८, आणि या एका आठवड्याने आपल्या उदाहरणात वर्षाला साधारण ३८९ पौंडांचा फरक पडतो.

त्यात पेड सुट्टीचे आठवडे मिळवायचे. कायद्याने बँक हॉलिडे धरून किमान ५.६ आठवडे असतात, कौन्सिलच्या अटींवरच्या शाळांत बऱ्याचदा जास्त. या ५.६ वरून मोठा खटला झाला होता, बेडफर्डच्या एका शाळेतल्या संगीत शिक्षिकेने लढलेला, आणि जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कायम कॉन्ट्रॅक्टवर वर्षातले काही ठरावीक आठवडेच काम करणाऱ्याचीही सुट्टी ५.६ आठवड्यांहून कापता येणार नाही. नंतर २०२४ मध्ये नियम बदलले, काही आठवडे काम आणि पगार दोन्ही नसणाऱ्यांना आता केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के सुट्टी मिळते. पण ज्यांचा पगार १२ महिन्यांत सारखा वाटलेला आहे त्यांचा एकही आठवडा बिनपगारी नसतो, त्यामुळे सरकारी मार्गदर्शनानुसार ते या १२.०७ वाल्या गटात येत नाहीत. म्हणून कोणी १२.०७ लावलेलं दिसलं तर नम्रपणे का ते विचारा, युनिसन किंवा जीएमबीचे मेंबर असाल तर युनियनच्या रेपला (प्रतिनिधीला) पण दाखवा.

तर ३९ अधिक ५.६, झाले ४४.६ पेड आठवडे. याला ५२.१४३ ने भागायचं, कारण ३६५ दिवसांत आठवडे तेवढे बसतात. २०,२७० गुणिले ४४.६ भागिले ५२.१४३, उत्तर येतं साधारण १७,३३८. भागिले १२, महिन्याला १,४४५ पौंड. २५,००० चे महिन्याला २,०८३ कुठे आणि हे कुठे.

एकदा उलटं करून ताळा घ्याच. २५,००० ला ५२.१४३ ने आणि मग ३७ ने भागलं की तासाचा दर १२.९६ येतो. वर्षाचे पेड तास ४४.६ गुणिले ३० म्हणजे १,३३८, गुणाकार केला की परत तोच आकडा, दोनचार पौंड इकडेतिकडे. हा दर नॅशनल लिव्हिंग वेजच्या, म्हणजे कायद्याने ठरलेल्या तासाच्या किमान मजुरीच्या, खाली नाही ना तेही इथेच कळतं, २१ आणि त्याहून जास्त वयाच्यांसाठी तो एप्रिल २०२५ पासून १२.२१ आणि एप्रिल २०२६ पासून १२.७१ आहे.

हातात किती? कौन्सिलची पेन्शन असेल तर या पगाराला ५.५ टक्के, म्हणजे महिन्याला ७९ पौंडांच्या आसपास. टॅक्स कोड नेहमीचा १२५७एल असेल तर टॅक्स साधारण ६४ आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी हप्ता) ३२. उरतात १,२७० च्या आसपास. पेन्शन कापली जाते म्हणून त्यातून बाहेर पडायची घाई मात्र करू नका बरं, शाळा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त भरते.

आणि वर्षाच्या मध्येच जॉइन झालात किंवा सोडलंत तर हप्त्यांचा हा हिशोब जुळत नाही, मग शाळा प्रत्यक्ष केलेलं काम आणि दिलेले पैसे ताडून बघते, कधी तुम्हाला जादा मिळतात तर कधी शेवटच्या पगारातून वळते होतात. म्हणून ऑफर आली की होकार द्यायच्या आधी एचआरला ईमेल करून चार आकडे लेखी मागा: पूर्ण आठवड्याचे तास, तुमचे पेड तास, कामाचे आठवडे आणि एकूण पेड आठवडे.