शिकारबंदीवर खासदाराचं मत कसं शोधायचं

प्राण्यामागं कुत्री लावून शिकार करण्याला बंदी घालणारा कायदा इंग्लंड-वेल्समध्ये 2004 साली झाला. तिथल्या खासदाराचं मत दहा मिनिटांत सापडतं. कोल्हापुरातून तिकडं शिकायला, नोकरीला गेलेल्यांना ते कामाचं आहे, कारण राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय नागरिकांनाही तिथं मतदार होता येतं.

हॅन्सार्ड, म्हणजे तिथल्या संसदेच्या कामकाजाची नोंद, ऑनलाइन फुकट वाचता येते. 15 सप्टेंबर 2004 उघडा. या बंदीच्या विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला, म्हणजे त्याच्या मूळ तत्त्वावरच्या मतदानाला, 356 विरुद्ध 166 मतं पडली. खाली आडनावांची यादी आहे. यादीत नाव नाही म्हणून विरोधात धरू नका. माणूस गैरहजर असेल, किंवा मतं मोजायला असेल. दोन्ही बाजूंचे दोन-दोन मोजणारे आकड्यात धरत नाहीत, त्यांची नावं वेगळी छापतात. आणि मत बघण्याआधी ठराव वाचा. वरच्या सभागृहानं बंदीऐवजी परवान्याची दुरुस्ती घालून विधेयक परत पाठवलं होतं. ती दुरुस्ती फेटाळणारा बंदीच्याच बाजूचा. नुसतं ‘हो-नाही’ बघाल तर उलटंच समजाल.

आपल्याकडं गाडी अडते ती नोंदीपाशी. 1972 च्या वन्यजीव कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पाठलागही येतो, म्हणजे राधानगरीच्या रानात सशामागं कुत्री सोडणं ही शिकारच. पण या कायद्याची मोठी दुरुस्ती लोकसभेत 2 ऑगस्ट 2022 ला मंजूर झाली ती आवाजी मतदानानं. अशा वेळी कामकाजात ‘प्रस्ताव स्वीकृत हुआ’ एवढंच मिळतं, नावं नाहीत. साध्या विधेयकावर सदस्यानं मतविभाजन, म्हणजे नावानिशी मोजणी, मागितलं तरच बटणं दाबली जातात. तेव्हाही सभागृहात जाहीर होणारा आकडा दुरुस्तीला मोकळा असतो, कारण बटण न चाललेल्यांची मतं चिठ्ठीवर येतात. म्हणून टीव्हीवरचा आकडा सोडा, छापील कामकाज धरा. त्यातून पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला असेल तर मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. म्हणजे ते मत त्याच्यापेक्षा पक्षाचंच जास्त.

खरा कल कळतो तो प्रश्नांतून. आधी मतदारसंघ नीट बघा: इचलकरंजी, शिरोळ, हातकणंगले, शाहूवाडीवाल्यांचा खासदार हातकणंगलेचा, कोल्हापूरचा नव्हे. मग संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाखाली प्रश्न, भाषणं आणि खासगी विधेयकं तपासा. प्रश्नांत पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय निवडा. एकाच भाषेत शोधून थांबू नका, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही शब्द टाका.

प्रश्न सापडला की मागणी काय आहे ते बघा. गव्यानं ऊस तुडवला, भरपाई कधी, हा शेतकऱ्याचा प्रश्न झाला. त्यावरून कुणाला शिकारवाला ठरवू नका. पण रानडुकराला कलम 62 खाली उपद्रवी जाहीर करा, अशी मागणी असेल तर गोष्ट वेगळी. तसं जाहीर झालं की त्या भागात, त्या मुदतीपुरतं, त्या प्राण्याचं शिकारीपासूनचं संरक्षण जातं.