पावसाळी हंगामात फवारणी कधी आणि कुठे? अंदाज आणि शेताच्या नोंदींवरून ठरवा

ढगाळ हवा, रात्रभर दव, मधूनच सर, असे चार-आठ दिवस लागून आले की पंप उचलायची घाई होते. त्या घाईत गरज नसलेल्या भागावरही औषध पडते, मित्रकीटक मरतात आणि पुढे कीड त्याच औषधाला दाद देत नाही. हवामान अंदाज आणि शेतातल्या ठिकाणनिहाय नोंदी एकत्र ठेवल्या तर हे बऱ्याच अंशी टळते.

आधी शेताचा नकाशा करा. मोबाईल घेऊन बांधाने फिरा आणि सखल भाग, पाणी साचणारी जागा, झाडांची सावली, उशिरा पेरलेला तुकडा यांवर खुणा करा. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलचे जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवते. एवढ्या कामाला ते पुरेसे आहे. गेल्या हंगामात रोग पहिल्यांदा जिथे दिसला ती खूण सर्वांत मोलाची. रात्री थंड हवा सखल भागात उतरते, तिथले दव सकाळी उशिरा सुकते आणि बुरशीला तेवढे तास जास्त मिळतात. पाहणी दरवेळी तिथूनच सुरू करा.

अॅपवरचा अंदाज मात्र तुमच्या बांधापुरता नसतो. तो कित्येक किलोमीटरच्या चौकोनाचा असतो आणि पाच-सहा दिवसांपुढे त्याचा भरवसा झपाट्याने कमी होतो. म्हणून पिकाच्या उंचीवर, सावलीत, तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे साधे यंत्र लावा. अंदाज आणि तुमच्या यंत्राचे आकडे दोन आठवडे ताडून पाहा. आपल्या शेतात आर्द्रता नेहमी किती जास्त राहते ते लक्षात येईल.

बटाटा-टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपा घ्या. ब्रिटनमध्ये २०१७ पासून त्याचा धोका ओळखायला एक सोपा निकष वापरतात: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा अधिक आणि दोन्ही दिवशी किमान ६ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त. हे आकडे तिथल्या हवामानावर बेतलेले आहेत, आपल्या भागासाठी शिफारस असेल तर तीच धरा. पण मर्म सगळीकडे एकच आहे: पावसाच्या मिलिमीटरपेक्षा पान किती तास ओले राहिले ते मोजा. निकष जुळला की त्याच दिवशी खुणेच्या जागेवर जाऊन खालच्या पानांची मागची बाजू पाहा. स्पर्शजन्य (पानाच्या आत न शिरता वरच राहणारे) बुरशीनाशक संसर्गापूर्वी पानावर असेल तरच उपयोगाचे, त्यामुळे इथे उशीर महागात पडतो.

किडींचा हिशेब उष्णतेवर चालतो. दिवसाचे कमाल ३४ आणि किमान २२ असेल तर सरासरी २८. त्या किडीची वाढ १० अंशांखाली थांबत असेल तर २८ वजा १०, म्हणजे त्या दिवसाचे १८ डिग्री डे (वाढीला मिळालेली उष्णता) जमा झाले. ही बेरीज अंडी कधी उबतील, अळी कधी निघेल ते सांगते. सोबत कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) हवेतच. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आले की कारवाईची वेळ आली असे समजतात. एकाच कोपऱ्यातला सापळा भरत असेल तर आधी त्या कोपऱ्यातली बोंडे फोडून पाहा.

उपग्रहाची चित्रे पावसाळ्यात ढगांमुळे अनेकदा निरुपयोगी ठरतात; उघडीप मिळाली तर पिवळा पडलेला पट्टा शोधायला वापरा, कारण मात्र शेतात जाऊनच कळते.

फवारणीसाठी ताशी ३ ते १५ किलोमीटर वारा ठीक. अगदी निवांत पहाटे किंवा सूर्यास्तानंतर फवारू नका: थंड हवेचा थर जमिनीलगत अडकलेला असतो, बारीक थेंब त्यात तरंगत दूर जातात. औषध सुकायला लागणारे तास लेबलवर पाहा आणि तेवढी उघडीप अंदाजात आहे का तपासा. फवारणी झाली की तारीख, तुकडा आणि औषधाचा गट (ते किडीवर किंवा बुरशीवर कसे काम करते त्यानुसार ठरणारा) त्याच नकाशावर लिहा, म्हणजे पुढच्या वेळी त्या तुकड्यात वेगळ्या गटाचे औषध निवडता येईल.