दहावी-बारावीनंतर काय शिकावे : सांगली-साताऱ्यातील पालकांसाठी

पाल्याचे शिक्षण ठरवताना पदव्यांची नावे तोलण्याआधी त्या पदवीनंतरच्या कामाचे तुकडे पाडून पाहावेत. कारण संगणक किंवा यंत्र सहसा अख्खी नोकरी एकदम घेत नाही, तिच्यातील ठरावीक साच्याची कामे आधी घेते. उदाहरणार्थ, पतसंस्थेतील कारकुनाचा दिवस कागदावर लिहून काढावा: खतावणी, व्याजाची आकारणी, पासबुक भरणे, थकबाकीदाराच्या घरी जाऊन बोलणे, कर्ज मागणाऱ्याची बाग पाहून येणे. यातील पहिली तीन कामे आजच संगणक करतो, उरलेल्या दोन कामांना माणूस लागतो. ज्या व्यवसायात उरणारे काम भरीव आहे, तोच पुढे विचारात घ्यावा.

यंत्र आले की त्याच्याभोवती कोणते नवे काम तयार होते, हेही पाहावे. वाळवा-पलूसच्या उसाच्या फडात बीडकडील टोळ्यांबरोबर आता तोडणी यंत्रेही उतरतात. त्यामुळे कोयत्यावर पोट असलेल्या कुटुंबांपुढे उभा राहणारा प्रश्न गंभीर आहे आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमाने आपोआप सुटणार नाही. मात्र ऐन हंगामात यंत्र बंद पडले तर तोड थांबते, म्हणून हायड्रॉलिक्स आणि डिझेल इंजिन जाणणारा कारागीर जवळपास असावा लागतो. आयटीआयचा विचार करताना संबंधित ट्रेडनंतर परिसरातील कोणते कारखाने शिकाऊ उमेदवार घेतात, याची प्रवेशापूर्वीच चौकशी करावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार या काळात विद्यावेतन मिळते.

यानंतर लोकसंख्येकडे वळावे, कारण या बाजूकडे पालकांचे लक्ष फार कमी जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, १.७ आढळला, तर पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यासाठी तो सुमारे २.१ असावा लागतो. म्हणजे शाळेत येणारी मुले कमी होत जातील आणि वृद्धांचे प्रमाण वाढेल, त्यामुळे डी.एड.साठी पैसे भरण्यापूर्वी तालुक्यातील शाळांची पटसंख्या अवश्य पाहावी. पाटण-जावळीतील माणसे माथाडी कामासाठी मुंबईत आणि खानापूर-आटपाडीतील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर गेलेले असल्याने गावी मागे राहिलेल्या आई-वडिलांची देखभाल कोण करणार, हा प्रश्न आजच दारात उभा आहे.

देखभालीचे हे काम, म्हणजे शुश्रूषा (नर्सिंग), शिकण्यासाठी मिरज जवळ आहे. तेथील वैद्यकीय परंपरा १८९४ मध्ये सुरू झालेल्या मिशन रुग्णालयापर्यंत मागे जाते. नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. महाविद्यालयाला परिचर्या (नर्सिंग) परिषदेची मान्यता आहे का, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते आणि तेथे किती खाटा आहेत, हे स्वतः जाऊन पाहावे. दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना पगार आणि रात्रपाळी यांबद्दल थेट विचारावे. शुश्रूषेच्या कामाला आपल्याकडे मान आणि मोबदला दोन्ही अजून कमी मिळतात, आणि हे मला अन्यायकारक वाटते. तरीही ही वस्तुस्थिती मुला-मुलीपासून लपवू नये.

शेवटी, शिक्षणासाठी ठेवलेला सगळा पैसा पहिल्याच अभ्यासक्रमावर खर्च करू नये. नोकरी लागल्यानंतर काही वर्षांनी नवे यंत्र किंवा नवी प्रणाली शिकण्यासाठी त्यातील काही रक्कम मुलाच्या नावे बाजूला ठेवावी.