भुरी की केवडा? पंप भरण्याआधी पान उलटून पाहा

ढगाळ, दमट हवा सुरू झाली की द्राक्षाच्या पानावर पांढरं दिसतं आणि हाताला येईल ते बुरशीनाशक मारलं जातं. तिथेच चूक होते, कारण ते पांढरं भुरी असेल किंवा केवडा, आणि हे दोन वेगळे रोग आहेत.

भुरी ही खरी बुरशी. तिच्या पेशीपटलाला अर्गोस्टेरॉलच्या जातीचं स्टेरॉल, म्हणजे पटल टिकवणारा मेदासारखा घटक, लागतं. हेक्साकोनॅझोलसारखी ट्रायझोल गटातली औषधं ते तयार होऊ देत नाहीत, म्हणून भुरी थांबते. केवडा दिसायला बुरशीच, पण कूळ वेगळं. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि तो असलं स्टेरॉल बनवतच नाही. त्यावर ट्रायझोल मारणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. उलट, केवड्यावर चालणाऱ्या मेटॅलॅक्सिलने भुरीचं काही बिघडत नाही.

बीजाणूंची तऱ्हाही निराळी. केवड्याच्या बीजाणूपिशव्या रात्रीच्या अंधारात, आर्द्रता 95 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर, पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून (पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून) बाहेर पडतात. पान ओलं असेल तर त्यांतून दोन शेपट्यांचे चलबीजाणू सुटतात आणि पोहत दुसरं रंध्र गाठतात. 20 अंशांच्या आसपास दोन-तीन तासांची ओल त्यांना पुरते. भुरीचे बीजाणू पानाच्या पृष्ठभागावर माळेसारखे धरतात. त्यांना रुजायला थेंब लागत नाही, नुसता दमटपणा आणि सावली पुरते. दाट कॅनॉपीत, म्हणजे वेलीच्या पानांच्या गर्दीत, भुरी आधी येते ती यामुळेच.

शंका असेल तर तेलकट डाग दिसणारं पान संध्याकाळी ओल्या कागदावर, खालची बाजू वर करून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या मागे पांढरी लव उगवली असेल तर तो केवडा. भुरीची भुकटी बोटाने पुसली जाते.

भुरी असेल तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम. पारा 32 अंशांपुढे जाणार असेल तर नको, पानं करपतात. खनिज तेलाच्या फवारणीपासून 15 दिवसांचं अंतर ठेवा. ट्रायझोल लागोपाठ मारू नका, औषधाचा गट बदला. नाहीतर भुरीत औषधाविरुद्ध प्रतिकारक्षमता येते.

केवड्यासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, चांगलं, पण ते डाग दिसण्याआधी पानावर हवं. 1 टक्क्यासाठी मोरचूद 1 किलो आणि कळीचा चुना 1 किलो, प्रत्येकी 50 लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या पिंपात वेगवेगळे विरघळवा. मग दोन्ही एकत्र ओता. लोखंडी विळा मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी थोडी-थोडी वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. कोवळ्या फुटीवर निम्मीच तीव्रता वापरा आणि नोझल खालून वर धरा, कारण केवडा शिरतो ती रंध्रं पानाच्या पाठीला आहेत.